‘लायनर आहे, काहीही सांडू दे’: हौद्याबद्दलचा एक चुकीचा मेसेज

चाकण-भोसरीकडच्या गाडीवाल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर मारलं की अॅसिड, थिनर काहीही सांडू दे. पाणी मारा. डाग राहिला तर थिनरने पुसा, फुगलं तर वरून एक हात मारा. पांढरं पडलं म्हणजे केमिकलने जळलं.’

‘काहीही सांडू दे.’ स्प्रे लायनर म्हणजे हौद्याच्या पत्र्यावर फवारलेला लेप. तो पॉलियुरेथेनचा किंवा पॉलियुरियाचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकचा असतो. डिझेल, ऑइल, बॅटरीचं अॅसिड लगेच धुतलं तर तो सहसा दाद देत नाही. थिनर, अॅसिटोन आणि पेंट रिमूव्हरने मात्र मऊ पडतो, फुगतो. प्लेटिंगवाल्यांचं नायट्रिक किंवा क्रोमिक अॅसिड तर लेपच खातं. त्यातही खरी भीती पत्र्याची. हुकांचे बोल्ट, फाळक्याची बिजागरी, पाणी जायची भोकं, जिथे जिथे लेपाची कड आहे तिथून अॅसिड खाली उतरतं आणि गंज लेपाला आतून उचलतो. वरून मात्र सगळं ठीकठाक दिसतं.

‘पाणी मारा.’ बॅटरीच्या अॅसिडला हे चालतं, फक्त पाणी भरपूर हवं. मग लिटरभर पाण्यात साधारण 100 ग्रॅम खायचा सोडा घालून ओता, फेस येणं थांबेपर्यंत, बोल्टच्या भोकांतही. शेवटी पुन्हा धुवा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, तेही धुऊन जातं. थिनरचं उलटं आहे. त्यातलं टोल्युइन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते पाण्यावर तरंगत कोपऱ्याकोपऱ्यात पोचतं. आधी कोरडी वाळू टाकून टिपा, विडी-काडी लांब ठेवा, मग साबणपाणी. भुसा वापरायची सवय असेल तर नायट्रिकवर तो चुकूनही टाकू नका, पेट घेऊ शकतो. हातमोजे आणि चष्मा हे सांगायला नकोच.

‘थिनरने पुसा.’ ज्याने लेप मऊ पडतो त्यानेच तो घासायचा? भांड्यांचा साबण आणि नायलॉनचा ब्रश पुरे.

‘वरून एक हात मारा.’ सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. थिनरने आलेली फूग पुष्कळदा दोन दिवसांत थिनर उडून गेलं की बसते, म्हणून आधी थांबा. नंतर नख दाबून पाहा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. पोकळ वाजलं तर लेप पत्र्यापासून सुटलाय. तो भाग कटरने काढा आणि जिथे पातं घालूनही लेप उचलत नाही तिथवर जा. कडा उतरत्या करा, 80 नंबरच्या पेपरने घासा, गंज उघड्या पत्र्यापर्यंत काढा, इपॉक्सी प्रायमर द्या आणि मगच दोन भागांचं रिपेअर किट वापरा. सुटलेल्या थरावर नवा थर मारला तर दोन्ही एकत्रच निघतील.

हे काम जुलैत उघड्यावर नको. किटमधलं आयसोसायनेट (लेप घट्ट करणारं रसायन) हवेतल्या ओलाव्याशी लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लेपात बारीक बुडबुडे राहतात. फवारणार असाल तर कार्ट्रिजचा मास्कच हवा. रुमालाने काही अडत नाही.

‘पांढरं पडलं म्हणजे जळलं.’ ओला तळवा फिरवा. हाताला पांढरी भुकटी आली आणि खालचा लेप टणक असला, तर ते बहुधा उन्हाचं काम आहे. फिकटपणा वरवरचाच असतो, त्यासाठी लेप खरवडायची गरज नाही.