भीती हातात होती, तुम्ही ती हलवून घालवली

अंधारा बोळ, मागून काहीतरी सरपटत येतंय, छातीत धडधडतंय, आणि नेमकं तेव्हा पडद्यावर रिमोटचं चित्र येतं. हलवा. कसा? कसाही. जोरजोरात, मनगट भरून येईपर्यंत. भीती गेली खड्ड्यात! इतका वेळ जमवून आणलेलं वातावरण एका चित्राने मारून टाकलं. वी या गेम कन्सोलवर आलेल्या हॉरर गेममध्ये हे इतक्या वेळा झालंय, की आज ते चित्र नुसतं आठवलं तरी डोक्यात तिडीक जाते.

निन्टेन्डोचा वी 2006 च्या नोव्हेंबरमध्ये आला. हॉररसाठी त्याच्या रिमोटइतका योग्य कंट्रोलर तोवर कुठल्याच घरगुती कन्सोलबरोबर आला नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. पडद्याकडे रोखलेला हात म्हणजेच टॉर्च. हात थरथरला की उजेड थरथरणार. रिमोटमध्येच बारीकसा स्पीकर, म्हणजे आवाज टीव्हीतून न येता थेट तुमच्या मुठीतून येऊ शकतो. एवढं आयतं हातात दिल्यावर, गेम बनवणाऱ्यांनो, काय केलंत? जिथे ‘बटण दाबा’ होतं तिथे ‘रिमोट हलवा’ लिहिलंत आणि पोर्ट झाला, म्हणजे दुसऱ्या कन्सोलवरचा गेम वीवर आला, म्हणून मोकळे झालात.

आणि हे चालणार नाही हे बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं, असं कुणी मला सांगू नका. रिमोटच्या तोंडाशी इन्फ्रारेड कॅमेरा असतो. टीव्हीपाशी ठेवलेल्या सेन्सर बारमधले दिवे बघून तो तुमचा नेम कुठे आहे ते ओळखतो, आणि हे काम तो चोख करतो. आतला ॲक्सेलरोमीटर मात्र फक्त वेगातला बदल मोजतो. हात हवेत नक्की कुठे आहे, हे त्याला कळतच नाही. हात किती वळला हे नीट मोजणारा जायरोस्कोप आला थेट 2009 मध्ये, मोशनप्लस नावाचा वेगळा तुकडा जोडून. म्हणजे रोखणं पक्कं आणि हलवणं अंदाजपंचे. मग जीव वाचवायचा प्रसंग अंदाजपंचे गोष्टीवर का टांगता?

बरं, जमत नव्हतं असंही नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ बघा. जानेवारी 2005 मध्ये निन्टेन्डोच्याच आधीच्या कन्सोलवर, गेमक्यूबवर, आलेला, वी जन्मायच्या आधीचा गेम. 2007 मध्ये तो वीवर आला तेव्हा नेम धरायचं काम अंगठ्याने फिरवायच्या स्टिककडून काढून हाताकडे दिलं. बस. डोक्यावर रोखलं तर गोळी डोक्यात, गुडघ्यावर रोखलं तर गुडघ्यात. हलवाहलवी त्यातही आहे, चाकूला झटका द्यावा लागतो, पण गेमचा सगळा भार रोखण्यावर. नेम सोपा झाला म्हणून भीती कमी झाली, असं म्हणणारे भेटतात. मला पटत नाही. नेम चुकला तर तो आपल्या हाताने चुकतो, आणि त्यातच खरी भीती आहे.

तो गेम दहा लाखांहून जास्त खपला. आता तरी शहाणपण येईल असं वाटलं होतं. आलं काय? ‘डेड रायझिंग’ 2009 मध्ये वीवर आणला आणि त्यातली झॉम्बींची गर्दीच कापून टाकली. मूळ गेम म्हणजे मॉलभर पसरलेली गर्दी आणि तिच्यात कॅमेरा घेऊन अडकलेला फोटो पत्रकार. वीवर गर्दी विरळ, आणि कॅमेरा तर पूर्णच गायब. हातात रोखता येणारी वस्तू असलेल्या कन्सोलवर फोटो काढायची सोयच काढून टाकली! हा निर्णय कुठल्या डोक्यातून आला असेल, मला खरंच समजत नाही.

त्याच वर्षी ‘डेड स्पेस’चा ‘एक्स्ट्रॅक्शन’ आला. रिमोट आडवा केला की बंदुकीचा दुसरा मारा सुरू. सुंदर कल्पना. पण पाय काढून घेतले. गेम आपल्याला ठरलेल्या वाटेने फिरवणार, आपण नुसत्या गोळ्या झाडायच्या. अहो, त्या दाराकडे जायचं की नाही हे मला ठरवता येत नसेल तर मी घाबरू कशाला? हॉररमधला सगळ्यात अवघड निर्णय तोच असतो.

सगळ्यात जास्त राग ‘सायलेंट हिल: शॅटर्ड मेमरीज’चा येतो, कारण तो अर्धा अप्रतिम आहे. बर्फाने भरलेलं रिकामं शहर, टॉर्च तुमच्या हातात, फोन वाजला की आवाज रिमोटमधून, रिमोट कानाला लावायचा. अंगावर काटा येतो. आणि मग पाठलाग. हत्यार नाही, नुसतं पळायचं. ते विद्रूप प्राणी अंगाला चिकटले की रिमोट आणि दुसऱ्या हातातला जोड-कंट्रोलर नंचक दोन्ही नेमक्या दिशेने ढकलून त्यांना झटकायचं. पुन्हा तेच! ज्या यंत्राला दिशेचा धड पत्ता नाही त्याला दिशा विचारायची. ज्यांनी टॉर्च इतकी बारकाईने घडवली त्यांनीच हे करावं?

आणि ‘फेटल फ्रेम’चा चौथा भाग. निन्टेन्डोने स्वतः जपानमध्ये 2008 ला काढला. त्यात वस्तू उचलायला बटण धरून ठेवावं लागतं आणि हात अगदी सावकाश पुढे सरकतो. मध्येच सोडावंसं वाटतं, पण वस्तू हवी असते. भूत त्या हाताला धरेल या धास्तीने श्वास अडकतो. नुसत्या हाताच्या संथपणातून एवढी भीती! हे इतकं कळणारा गेम वीवर जपानबाहेर आलाच नाही. इंग्रजी खेळाडूंनी वाट बघून शेवटी 2010 मध्ये स्वतःच भाषांतराचा पॅच बनवला. अधिकृत इंग्रजी आवृत्ती निघाली 2023 मध्ये, दुसऱ्याच कन्सोलांवर, आणि तोवर वी केव्हाच बंद पडला होता.