अंतर ठेवायला आपण काय परके आहोत?

पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर गाडी काढताय? मग 'सुरक्षित अंतर ठेवा' ही पाटी मनावर घेऊ नका. ट्रकच्या पाठीवरचं ते वाक्य नीट वाचायचं तर आधी ट्रकच्या पाठीलाच जाऊन टेकायला हवं.

पुढच्या गाडीमागे जागा सोडलीत की डावीकडून एखादी टॅक्सी घुसलीच. तेव्हा जागा सोडायचीच नाही. लोकलच्या चौथ्या सीटवर वाढलेल्या माणसाला हे शिकवायला नको.

डिपर मारत राहा. पुढच्याच्या पुढे कंटेनर आहे, बाजूला टँकर आहे, हे त्याचं तो बघेल. डिपर दिसला की त्याला पंख फुटतात.

घाटात धुकं असेल तर आणखी जवळ जा, नाहीतर पुढच्याचे टेललाइट हरवतील!

काही शहाणे तीन सेकंदांचा हिशोब सांगतात. पुढची गाडी ज्या खांबाजवळून गेली, तिथे आपण तीन सेकंदांनी पोचायचं. ताशी 100 ला गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे 28 ते 42 मीटर ब्रेक न लागताच संपले. पण परवा रविवारी संध्याकाळी, भर पावसात, बोरघाट उतरताना माझ्यामागे जे गृहस्थ होते त्यांनी हे गणित निकालात काढलं होतं. आरशात त्यांचं बॉनेटसुद्धा दिसत नव्हतं. दिसत होते फक्त फिरणारे वायपर आणि कानाला लावलेला मोबाईल. पुढे ट्रॅफिक तुंबलं, मी हळूहळू ब्रेक लावला, आणि धाड! डिकी आत. खाली उतरून पहिलं वाक्य काय, तर "अहो, असा अचानक ब्रेक कशाला मारता?"

अचानक? ब्रेकलाइट काय दिवाळीची रोषणाई म्हणून लावलेत? वर म्हणे, "माझ्या गाडीला एबीएस आहे." अहो, एबीएसने ब्रेक मारताना चाकं लॉक होऊन घसरत नाहीत एवढंच, गाडी जागच्या जागी उभी राहत नाही! ओल्या रस्त्यावर अंतर दुप्पट लागतं, एबीएस असो नाहीतर आणखी काही. चिकटूनच जायची हौस असेल तर डेक्कन क्वीनने जा, तिथे डबे जोडलेलेच असतात.

आणि मागे, पुढच्या दोन सीटांच्या मधे उभी केलेली ती दोन पोरं तुमचीच ना? त्यांना आधी खाली बसवा, बेल्ट लावा. फोन ठेवा. आणि मागे राहा, कळलं?