मोठ्या रात्रीचा लॉराँ ब्लाँ

२८ जून १९९८, लेन्स. फ्रान्स विरुद्ध पॅराग्वे. आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. रेड कार्डमुळे झिदान बाहेर, समोर गोलमध्ये चिलावर्त ठाण मांडून बसलेला आणि ०-० काही केल्या हलेना. जादा वेळेतली सहा-सात मिनिटं उरली, आता पेनल्टीच, असं म्हणत मी पाणी प्यायला उठणार तेवढ्यात पिरेसचा क्रॉस आला. त्रेझेगेने तो डोक्याने खाली उतरवला आणि एकाने थेट जाळ्यात हाणला. वर्ल्ड कपच्या इतिहासातला पहिला गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत जो आधी गोल करेल तो तिथेच जिंकला. मारणारा कोण, तर सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, ब्लाँ!

मॅचआधी गोलकीपर बार्थेझच्या टकलाचा मुका घेणारा तो हाच, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. पण मुळात हा मिडफिल्डर. माँपेलिए क्लबकडून त्याने इतके गोल केले की मागे खेळायला लागल्यावरही पाय पुढेच ओढायचे. फ्रान्ससाठी ९७ सामने, १६ गोल. डिफेंडरचा आकडा आहे हा!

पुढे सेमीफायनलला क्रोएशियाविरुद्ध फ्री किकच्या वेळी धरपकड झाली, ब्लाँचा हात क्रोएशियाच्या बिलिचच्या हनुवटीपाशी लागला आणि बिलिच कपाळ धरून कोसळला. रेड कार्ड. फायनलला त्याच्या जागी लबफ खेळला, फ्रान्सने ब्राझीलला ३-० धुतलं आणि ब्लाँ मैदानाबाहेर. मला अजूनही त्या कपाळाचा राग येतो. दोन वर्षांनी युरोची फायनल खेळून त्याने कप उचलला, तेव्हा कुठे बरं वाटलं.

आता मुद्दा. कोच ब्लाँबद्दल ‘पीएसजीत (पॅरिसचा श्रीमंत क्लब) पैसा होता, कोणीही जिंकलं असतं’ हे ऐकून कान किटले. अहो, त्याआधी तो बोर्दो क्लबचा कोच होता, तिथे कुठला पैसा होता? सलग सात वर्षं लीग जिंकणाऱ्या लिऑनची मक्तेदारी २००९ मध्ये याच माणसाने मोडली, तीही शेवटचे अकरा सामने ओळीने जिंकून. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या गटात बायर्न आणि युव्हेंटस दोघांच्याही वर बोर्दो! २०१० च्या वर्ल्ड कपमध्ये खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकून अब्रू घालवली होती. त्यानंतर फ्रान्सचा कोच झाल्यावर त्याने पहिल्या सामन्याला त्या तेवीसच्या तेवीस जणांना घरी बसवलं. याला हिंमत लागते. (२०११ चं कोटा प्रकरण, म्हणजे फुटबॉल अकादमीत दुहेरी नागरिकत्वाच्या मुलांची संख्या मर्यादित ठेवण्याची ती चर्चा, मी विसरलेलो नाही. चौकशीत सुटला, तरी त्या बैठकीतली त्याची भाषा मला पटलेली नाही.)

माझी तक्रार वेगळीच आहे. युरो २०१२ ची क्वार्टर फायनल, समोर स्पेन. ब्लाँने काय करावं? त्यांचा लेफ्ट बॅक जोर्दी आल्बाला रोखायला रेव्हेएरच्या पुढे दब्युशी उभा केला. एका बाजूला दोन-दोन राईट बॅक, म्हणजे उजवीकडचे बचावपटू! आणि पहिला गोल आला कुठून? आल्बा त्याच बाजूने सुटला, दब्युशी घसरला, क्रॉसवर चाबी आलोन्सोचा हेडर. दुसरा गोलही त्याचाच. खेळ खल्लास.

चार वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध पुन्हा तेच. मार्चमध्येच ९-० जिंकून लीग खिशात घातलेली पीएसजीची टीम, पण ऐन दुसऱ्या लेगला, म्हणजे परतीच्या सामन्याला, याने मागे तिघांचा बचाव आणला. वर्षभर चाललेली घडी एका रात्रीत विस्कटली. डी ब्रुइनेचा एक गोल, पीएसजी बाहेर. तीन वर्षांत तीन लीग जिंकूनही उन्हाळ्यात नारळ मिळाला.

नंतर कतार, लिऑन झालं. २०२५ मध्ये अल-इत्तिहादला सौदी लीग आणि किंग्स कप दोन्ही जिंकून दिले, तरी सप्टेंबरात तिथूनही रवानगी. तेव्हा मला फारसं आश्चर्य वाटलं नाही, पण वाईट वाटलं.

काल पुन्हा तो लेन्सचा गोल बघितला. मागे कोण उरलंय, याची फिकीर न करता हा गडी समोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये जाऊन उभा. डगआउटमध्ये एमे जॅके होता. त्याच्या जागी त्या रात्री कोच ब्लाँ असता, तर खेळाडू ब्लाँला एवढं पुढे जाऊ दिलं असतं का हो?