अनुलोम, विलोम आणि कुर्ली

रक्तदाब जरा वर सरकला म्हणून डॉक्टरांनी रोज सकाळी दहा मिनिटं सावकाश श्वास घ्यायला सांगितलं. गेली ४७ वर्षं मी दुसरं काय करत होतो? पण मालवणच्या आमच्या पडवीत चटई टाकून श्वासाकडे लक्ष दिलं मात्र, तो बिघडलाच. साहेब पाठीमागे येऊन उभा राहिला की सही वाकडी येते, तसा.

समोर ओल्या गोणपाटावर कालावलच्या खाडीतल्या दोन कुर्ल्या, म्हणजे खेकडे. नांग्या सुंभाने बांधलेल्या, दुपारी वाटपात पडायचं नक्की झालेलं, तरी एकीच्या तोंडाशी संथ फेस.

"बघ," आये म्हणाली, "मराण समोर आसा, पण दम लागता काय तिका?"

हे लागलं. प्राणायाम सोडून मी कुर्ल्यांच्या श्वासावर वाचत बसलो. (दहा मिनिटांचे दोन तास झाले.) तोंडाच्या दोन्ही बाजूंना आत एकेक लवचीक पाती असते. ती वल्ह्यासारखी हलते, पायांच्या बुडातून पाणी ओढते, कल्ल्यांवरून नेते आणि तोंडापाशी सोडते. डावी-उजवी स्वतंत्र, कुर्ली एक बंद ठेवून दुसरी चालवू शकते. म्हणजे अनुलोम-विलोम, तेही अंगठा न लावता! शिवाय मधूनच प्रवाह उलटा फिरवून ती कल्ले धुऊन काढते. जलनेती मीही एकदा केली होती. पाणी कुठून निघालं ते सांगत नाही.

खरी गंमत तालाची. तो कुर्लीच्या मज्जागोळ्यातच, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीतच असतो. गोळा शरीराबाहेर काढून ठेवला तरी पातीला जायचे ठोके चालू राहतात. मग पातीच्या बुडाशी ताण जोखणारं एक लंबगोल इंद्रिय कशाला? तर ते दर फटक्याची खबर आत देतं. प्रयोगात त्याला ठरावीक लयीत ताणलं, तर आतला तालही त्याच लयीत येतो. युरोपातल्या हिरव्या खेकड्यात तर ही खबर जाड तंतूंतून सुट्या ठोक्यांनी नव्हे, चढत्या-उतरत्या विद्युतदाबाने जाते. देवापुढे घालतात त्या आमच्या गाऱ्हाण्यासारखी: शब्दांपेक्षा सूर महत्त्वाचा, आणि आतून "व्हय म्हाराजा!" मात्र येणारी खबर कधी किती ऐकायची, यावरही त्या मज्जागोळ्याचा हात असतो. ही युक्ती विवाहित पुरुषाला वेगळी शिकवावी लागत नाही.

माणसातही अशी सोय आहे. फुप्फुस फुगल्याची वर्दी व्हेगस या मज्जातंतूतून मेंदूला जाते, हे हेरिंग आणि ब्रॉयर यांनी १८६८ मध्येच दाखवलं. म्हणजे सगळं व्यवस्थित चाललं होतं. मध्ये तोंड घातलं ते मी.

एवढ्यात आयेने हाक मारली, "सुंभ सोड रे जरा." सोडलं. कुर्लीने नेमका नाकपुडी दाबायचा अंगठाच धरला. मी जो ओरडलो, तो शेजारच्या वाडीतली दोन माणसं गडग्यापाशी येईपर्यंत ओरडतच होतो.

कुर्ली सोडवता सोडवता आये म्हणाली, "आता कसो लांब श्वास सोडलंस!"