‘टेस्ट नाही तर केस नाही’? तालुका कोर्टातून एका मेसेजला उत्तर

शिमगा असो, गटारी असो की ३१ डिसेंबर, आमच्या सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज न चुकता उगवतो. मजकूर थोडक्यात असा: ‘ड्रिंक अँड ड्राइव्हला पकडलं तर घाबरू नका. फुंकायला नाही म्हणा, टेस्ट नाही तर केस नाही. दोन तासांत सोडावंच लागतं. कोर्टात दहा हजार भरले की विषय संपला, वकिलाला पैसे घालू नका. गोव्यात प्यायलेली दारू महाराष्ट्रात गुन्हा नाही. दोन बिअरपर्यंत तर चालतंच, वर सोलकढी प्या.’ खाली कुणा ‘सीनियर वकीलसाहेबां’चा हवाला. नाव अर्थातच नाही.

मी तालुका कोर्टात वकिली करतो. मेसेज धडधडीत खोटा असता तर लिहायची गरज नव्हती. त्यातल्या दोन-तीन गोष्टी अर्ध्या खऱ्या आहेत आणि माणूस बुडतो तो त्या अर्ध्यांवर भरवसा ठेवून.

सुरुवात दहा हजारांपासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने केलंय. तारकर्ली ते कुडाळ स्टेशन पर्यटकांची गाडी चालवणारा एक जण पहिल्या तारखेला एकटाच कोर्टात गेला. गुन्हा कबूल आहे का, असं विचारल्यावर ‘हो’ म्हणाला, दंड भरला आणि बाहेर मला भेटून म्हणाला, ‘वकीलानू, धा हजार भरले, सुटलंय मां मी?’ सुटला नव्हता. हेल्मेटच्या चलनासारखं हे प्रकरण जागेवर तडजोडीने मिटत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० मधल्या यादीत कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं, नाहीच. हा फौजदारी खटला आहे. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद, १५,००० दंड किंवा दोन्ही. ‘गुन्हा कबूल’ म्हणजे दोषसिद्धी, आणि दोषसिद्धी झाली की कलम २० प्रमाणे कोर्टाला लायसन्स किमान सहा महिन्यांसाठी अपात्र ठरवावंच लागतं. तारीख नोव्हेंबरातली होती. म्हणजे दिवाळी ते मे, त्याचा अख्खा सीझन गेला. दहा हजार ही त्यातली सगळ्यात किरकोळ रक्कम होती.

शिवाय कोर्टाच्या आधीच पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आरटीओ सुनावणी घेऊन पहिल्या वेळी ते तीन महिन्यांसाठी, दुसऱ्या वेळी कायमचं काढून घेऊ शकतो. मेसेजात याचा पत्ता नाही. माणूस प्यायलाय हे माहीत असून ज्याने त्याच्या हातात चावी दिली, तोही कलम १८८ खाली अडकू शकतो, हेही नाही.

आता ‘टेस्ट नाही तर केस नाही’. याचं मूळ बहुधा १९७१ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालात आहे. महाराष्ट्रातलंच प्रकरण. तोंडाला वास, झोकांड्या, विस्फारलेली बुबुळं एवढ्यावरून माणूस दारू प्यायला होता असं सिद्ध होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. चांगला निकाल आहे, बचावात आम्हीही दाखवतो. पण तो १९८८ च्या कायद्याआधीचा आहे. आजच्या कलम २०३ प्रमाणे, संशयाला जागा असताना तुम्ही फुंकायला नकार दिलात तर पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. मग ठाण्यात पुन्हा फुंकायची संधी, तीही नाकारली तर डॉक्टरकडे रक्ताचा नमुना. अटकेतल्या आरोपीच्या वैद्यकीय तपासणीसाठी गरजेपुरता बळाचा वापर करायला नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ५१ परवानगी देतं. आणि कलम २०५ म्हणतं की सबळ कारणाशिवाय दिलेला नकार सरकारी पुराव्याला पुष्टी देणारी गोष्ट मानता येईल. नुसत्या नकारावर शिक्षा होत नाही, हे कबूल. पण मशीन टाळायला गेलेला माणूस दहा मिनिटांच्या नाकाबंदीतून थेट ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर जाऊन बसतो.

दोन तासांचं वाक्य कलम २०२ मधून उचललंय. अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. कोठडीतून! खटल्यातून नव्हे. तसाही हा गुन्हा जामीनपात्र आहे.

गोव्याच्या मुद्द्यावर फार शाई घालवत नाही. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, गोव्याच्या हद्दीत पत्रादेवीला तीच, आपल्या हद्दीत बांद्यालाही तीच. मशीन रक्तातली दारू मोजतं, ती कुठे विकत घेतली ते नाही. डिकीत बाटल्या असतील तर इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर दारूबंदी कायद्याचं वेगळं प्रकरण होईल, पण तो दुसरा लेख.

‘दोन बिअरपर्यंत चालतं’ हा आकडा बहुतेक अमेरिकेतल्या वकिलांच्या जाहिराती वाचून आलाय. तिथे बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ टक्के आहे, म्हणजे आपल्या मापात ८०. आपली ३०. सत्तर किलोच्या माणसाने ६५० मिलिची आठ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली भरभर संपवली तरी आकडा ढोबळमानाने ऐंशीच्या आसपास जातो. उतरतो तो तासाला साधारण १५ ते २० ने, आणि हे काम यकृताचं आहे. सोलकढीने जळजळ थांबेल, आकडा हलणार नाही. कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कच्चा कांदा यांचंही तेच. ‘माडी नैसर्गिक असते, मशीनमध्ये येत नाही’ असंही मला एकाने ऐकवलंय. आंबलेली माडी म्हणजे दारूच की! रात्री अकरा ते एकमध्ये चार मोठे पेग घेऊन पहाटे सहाला गाडी काढणारा माणूस झोप झाली म्हणून शुद्धीत असतो, कायद्याच्या हिशेबात नसतो.

विम्याचाही मेसेजात उल्लेख नाही. प्यायलेल्या चालकाने गाडी ठोकली तर स्वतःच्या गाडीची भरपाई कंपनी नाकारू शकते, आणि टेस्टच झाली नव्हती एवढ्यावरून ती भरपाई द्यायला बांधील ठरत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. कुणाचा जीव गेला तर मग प्रकरण १८५ चं राहतच नाही. मुंबईच्या कार्टर रोडवर २००६ मध्ये फुटपाथवर झोपलेल्या सात जणांचा बळी घेणाऱ्या चालकाची सदोष मनुष्यवधाची शिक्षा २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात कायम झाली.

राहिला वकील. ‘गरज नाही’ म्हणणाऱ्याने आरोपपत्र कधी उघडून बघितलेलं नसतं. त्यात बघायचं असतं ते हे: रीडिंगच्या प्रिंटवर वेळ कोणती, अटकेची वेळ कोणती, मशीनचं कॅलिब्रेशन (अचूकता तपासणी) प्रमाणपत्र जोडलंय का, रक्त नोंदणीकृत डॉक्टरनेच काढलं का, नमुना सीलबंद होता का. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसली असेल तर तो मुद्दा अजून जिवंत आहे, कारण स्पिरिटही अल्कोहोलच. या कागदांत भोक असेल तर केस लढवायची. नसेल, प्रिंट स्वच्छ असेल आणि रीडिंग १४० असेल, तर मी स्वतः अशिलाला कबुली दे म्हणतो आणि कैद टाळण्यापुरता युक्तिवाद करतो. पण हे कागद वाचल्यावर ठरतं, कोर्टाच्या पायरीवर नाही. खटला जिथे पकडलं तिथल्या कोर्टात चालतो, त्यामुळे मुंबईच्या चाकरमान्याने वकील इथलाच केलेला बरा. प्रत्येक तारखेला कोकणकन्या पकडण्याऐवजी तो हजेरी माफीचा अर्ज देईल. कोर्टाने बोलावलं त्या दिवशी मात्र यावंच लागेल.

‘शंभर टक्के सोडवतो’ म्हणणारा किंवा ‘सुटलात तरच फी’ म्हणणारा भेटला तर त्याच्याकडून उठा. निकालावर फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. फी आधी विचारा, तारखेला तो स्वतः उभा राहणार की ज्युनिअर, तेही विचारा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला, तसंच स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांसाठी उत्पन्नाची अट आहे. फोन १५१००.