निखाऱ्यावर मांस शिजवण्याविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

थंडी पडू लागली की नागपुरात सिगड्या बाहेर निघतात. यंदा त्यांच्यासोबत एक संदेशही फोनोफोनी फिरतो आहे. कोळशाच्या मंद आचेवर बीफ शिजवण्याची अस्सल पद्धत म्हणून त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत : आधी मोठ्या आचेवर चारही बाजूंनी भाजले की रस आत कोंडला जातो, त्यानंतर कोणताही भाग जितका जास्त वेळ ठेवाल तितका मऊ होतो, आतले तापमान वाढायचे थांबले की मांस शिजले, चव कोळशाच्या धुरातून येते आणि नैसर्गिक असल्याने तो धूर बाधत नाही, आणि राख चढलेल्या निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून सिगडी खोलीत घेऊन रात्रभर हंडी ठेवायला हरकत नाही.

एक खुलासा आधीच करतो. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्या बाजारात कायद्याने मिळणारे बीफ म्हणजे म्हशीचे किंवा रेड्याचे मांस. संदेशातल्या सूचना मात्र परदेशातल्या चरबीदार गोमांसावर बेतलेल्या दिसतात, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

शेवटचा दावा मी सर्वांत आधी घेतो, कारण बाकीचे चार खरे मानले तर लगेच बिघडेल ते फार तर एक जेवण. हा खरा मानला तर माणसे दगावतील. धूर नाही म्हणजे वायू नाही, हा समज मुळातच चुकीचा आहे. कोळसा अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. मंद आच मिळवण्यासाठी आपण करतो काय, तर सिगडीचे तोंड अर्धे बंद करतो आणि निखाऱ्यावर राख ओढतो, म्हणजे हवाच कमी करतो. अशा वेळी खालच्या थरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या तापलेल्या कोळशातून जाताना त्याचाही काही भाग कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो. भडकलेल्या सिगडीपेक्षा शांत दिसणारी सिगडी बंद खोलीत जास्त घातक ठरू शकते, ती यामुळे. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. करोनाच्या काळात घरोघरी घेतलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटरही इथे फसवते, कारण या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा चांगलाच दिसत राहतो. तोंडावर ओला रुमाल बांधून किंवा खिडकी बोटभर उघडी ठेवून भागत नाही. आपल्याकडे रोडगे भाजतात तेही गोवऱ्यांचा जाळ बसून नुसता आर उरल्यावरच, पण ते शेतात, अंगणात, उघड्यावर. मांसाची हंडीही तिथेच ठेवावी, आणि जेवण झाल्यावर उरलेली सिगडी ऊब घेण्यासाठी आत आणू नये. सिगडीजवळ बसलेल्या कोणाचे डोके जड झाले, तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावे आणि लगेच १०८ ला फोन करावा.

आता रस कोंडण्याविषयी. ही समजूत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ च्या सुमारास मांडली आणि त्यांच्या नावाच्या वजनावर ती दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. तिची परीक्षा घरीच होते. तुकडा तापल्या जाळीवर ठेवल्यावर जो चर्र आवाज येतो, तो बाहेर आलेले पाणी तापल्या लोखंडावर उडाल्याचा असतो. चारही बाजू तांबूस झाल्या तरी तो आवाज थांबत नाही, आणि तुकडा ताटात काढून ठेवला की दहा मिनिटांत त्याच्याखाली लालसर पाणी साचते. रस कोंडला असता, तर हे पाणी आले कुठून? भाजण्याचा उपयोग खराच आहे, पण तो चवीसाठी. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे मांसातली प्रथिने आणि साखर यांची जी प्रक्रिया वेगाने होते, तिने तो खमंग तांबूस थर येतो.

कोणताही भाग आणि कितीही वेळ, हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण मांसाविषयी जाणून घ्यावे असे जे काही आहे ते सगळे तो झाकून टाकतो. मांस तापताना त्यात दोन उलट गोष्टी घडतात. पन्नास-पंचावन्न अंशांपासून स्नायूंचे धागे आकसू लागतात, आणि साठ-पासष्टच्या पुढे ते ओला कपडा पिळावा तसे आतले पाणी बाहेर टाकतात. दुसरीकडे, धाग्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन सत्तरच्या पुढे हळूहळू विरघळून त्याचे जिलेटीन होते, आणि बोटांना चिकटणारा तो रस्सा तयार होतो. म्हणजे मऊपणा येतो तो कोलॅजनमुळे. सीना, गर्दन, नळीलगतचे मांस यांत ते भरपूर असते, म्हणून ते भाग तासन्‌तास ठेवण्याचे सार्थक होते. अंडरकटमध्ये, म्हणजे कण्याखालच्या नरम मांसात, ते फारच थोडे असते. तो चार तास ठेवला तर फक्त पाणी जाते, आणि हाती लागतो तो कोरडा, भुसभुशीत गोळा. म्हशीच्या मांसात स्नायूंमधली चरबीही कमी असते, त्यामुळे उघड्या जाळीवर ते लवकर वाळते. शिवाय वयस्क जनावराचे कोलॅजन अधिक घट्ट विणलेले असते आणि त्याला वेळ जास्त लागतो. म्हणूनच निहारी, म्हणजे रात्रभर शिजवलेला मांसाचा रस्सा, करणारे नळीचे मांस निवडतात, ते पाण्यात बुडवून ठेवतात, झाकणाच्या कडेला कणीक लावतात आणि रात्रभराची मंद आच देतात. मर्यादा त्यालाही आहेच : काट्याने सहज सुटू लागलेले मांस आणखी शिजवत राहिले की त्याचे सुतळीसारखे दोरे होतात.

तापमान थांबण्याचा अनुभव खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा लावला आहे. झाकणाखाली निखाऱ्यावर ठेवलेला मोठा गोळा आतून ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान कधी कधी तास-दोन तास अडून राहतो. पृष्ठभागावर येणारे पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते आणि वरून मिळणारी उष्णता तिथेच खर्च होते. नागपूरकराला हे वेगळे सांगायला नको, कारण मे महिन्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर याच नियमाने खोली गार करतो. कोलॅजन विरघळण्याचे काम तर याच सुमारास सुरू होत असते. त्यामुळे आकडा अडला म्हणून मांस उतरवणे म्हणजे ते सर्वांत चिवट असताना उतरवणे.

राहिला धूर. लाकडातले धूर करणारे घटक कोळसा पाडतानाच निघून जातात, म्हणून चांगला पेटलेला लाकडी कोळसा जवळपास बिनधुराचा असतो. धुंगार देताना, म्हणजे पदार्थात निखाऱ्याची वाटी ठेवून त्याला धुराचा वास लावताना, निखाऱ्यावर तूप सोडेपर्यंत वाटीतून वास येत नाही, हे ज्याने तो दिला आहे त्याला ठाऊक आहे. जाळीवरही चव येते ती मुख्यतः निखाऱ्यावर ठिबकलेल्या चरबीतून, आणि बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक संयुगेही त्याच धुरातून मांसावर बसतात. तो नैसर्गिक असल्याने त्यात काही बदल होत नाही. उमरेड-सावनेरकडच्या खाणींमुळे आपल्याकडे ओळखीचा असलेला दगडी कोळसा तर यासाठी अजिबात वापरू नये, कारण त्याच्या धुरात गंधकही असते. मांस जाळीवरच करायचे असेल, तर निखारे एका बाजूला सारावेत, मांस दुसऱ्या बाजूला ठेवावे आणि त्याच्याखाली पाण्याची थाळी सरकवावी, म्हणजे चरबी निखाऱ्यावर न पडता थाळीत पडते.