गॅमा किरण दिलेली कूर्चा 'जिवंत' नसते

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेल्या माझ्या मामेबहिणीला फॉरवर्ड आला: 'टिश्यू बँकेतली गॅमा किरणांनी शुद्ध केलेली कूर्चा जिवंत आणि मूळ कूर्चेइतकीच मजबूत असते, गोठवून वर्षानुवर्षं टिकते. ताजा ग्राफ्ट घेऊ नका, त्यात जंतू असतात.' ग्राफ्ट म्हणजे दात्याकडून घेऊन बसवायचा कूर्चेचा तुकडा; ताजा म्हणजे न गोठवलेला, किरण न दिलेला. आता ती ताज्या ग्राफ्टला नको म्हणते आहे!

आधी 'जिवंत'. निर्जंतुकीकरणासाठी साधारण 25 किलोग्रे मात्रा देतात, म्हणजे 25,000 ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांचं माप). सगळ्या अंगाला 5 ग्रे बसले तरी उपचारांविना माणूस वाचणं कठीण. जिवाणूंचे चिवट बीजाणू मारणाऱ्या मात्रेत कूर्चापेशी जगतील कशा? शिवाय कूर्चेत 65 ते 80 टक्के पाणी. किरणांमुळे त्या पाण्यातून मुक्त मूलक, म्हणजे झटकन प्रतिक्रिया करणारे कण, सुटतात आणि कूर्चेला बळ देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या साखळ्या तोडतात. कोरड्या बर्फावर ठेवून किरण दिले तर ही मोडतोड कमी होते. पेशी मात्र मेलेल्याच.

'मजबूत' या शब्दात खरी गोम आहे. 4 अंशांना पोषक द्रवात ठेवलेल्या मानवी ग्राफ्टवरचा विल्यम्स आणि सहकाऱ्यांचा अभ्यास 2003 साली 'जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट सर्जरी'त आला. पेशी 14 दिवसांपर्यंत टिकल्या, 28व्या दिवशी लक्षणीय घटल्या. ताठपणात मात्र तोवर ठळक फरक नव्हता. म्हणजे कूर्चा दाबून पाहिली तर ठणठणीत, आत पेशी मरत चाललेल्या. झीज भरून काढणाऱ्या या पेशीच नसतील, तर रोज वजन पेलणारी कूर्चा पुढे खचत जाते.

गोठवण्याचंही तेच. बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, आणि डीएमएसओसारखं संरक्षक द्रव्य खोल थरांत नीट मुरत नाही.

नाकाच्या शस्त्रक्रियेत किरण दिलेली बरगडीची कूर्चा चालते, हे खरं. तिथे गुडघ्यासारखा भार नसतो. तीही वाकू शकते, विरघळू शकते.

जंतूंचा मुद्दा अर्धा खरा आहे, तो नाकारणार नाही. 2001 मध्ये मिनेसोटात 23 वर्षांचा तरुण गुडघ्यातल्या ग्राफ्टमधून आलेल्या क्लॉस्ट्रिडियम सोर्डेली या जिवाणूने दगावला. पण त्यावर उपाय म्हणून गुडघ्यात मेलेली कूर्चा बसवायची नसते. दात्याची तपासणी आणि कल्चरचे (प्रयोगशाळेत जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या चाचणीचे) अहवाल हातात आल्यावरच ताजा ग्राफ्ट बँकेबाहेर पडतो. त्यात साधारण दोन आठवडे जातात, आणि काढल्यापासून 28 दिवसांच्या आत तो बसवायचा असतो. तिने सर्जनना विचारायचं ते हे: ग्राफ्ट काढल्याची तारीख कोणती, मधल्या काळात गोठवला होता का, आणि कल्चर स्वच्छ आलं का.